प्रशिक्षणाला गेली एक, शिकल्या किती जणी?

दुपारची भांडी आवरून झाली असतील तर निवांत बसून ऐका. हातात काम असेल तर काम करत ऐका, काही बिघडत नाही. आज बोलायचंय ते शिकण्याबद्दल, पण शाळेतलं शिकणं नव्हे. गटाची मसाल्याची खोली, पापडाचा ओटा, शिवणाची मशीनं, शाळेच्या पोषण आहाराचं स्वयंपाकघर, गटानं खंडानं घेतलेलं रान, अशा ठिकाणी आपण आठ-दहा जणी मिळून काम करतो. तिथं एकमेकींकडून कसं शिकायचं आणि शिकलेलं गटात टिकवायचं कसं, हा आजचा विषय.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही बचत गटाच्या मेळाव्यात ऐकली असेल. 15 मार्च 1959 ला मुंबईत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणजे उसने आणलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटं. त्या सातजणींमधल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. इथपर्यंत सगळे सांगतात, टाळ्या वाजतात आणि मेळावा जेवायला उठतो.

मला त्या गोष्टीतला मधला भाग जास्त मोलाचा वाटतो. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी पाऊस येणारच होता, तो काही टळणार नव्हता. तेव्हा त्यांनी एक खाट घेतली, एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं, पावसातही काम चालू! अगदी सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना सल्ला देणारे छगनबाप्पा म्हणून एक गृहस्थ होते. ते म्हणाले, एकच पापड करा, चांगला करा, त्यात तडजोड नको. तेही त्यांनी मानलं.

आता बघा, खाट आणि स्टोव्ह ही काही फार मोठी विद्या नाही. आपल्या आज्या पावसाळ्यात चुलीवरच्या उतरंडीवर, शिंकाळ्यावर काय काय वाळवत होत्या. पण एखादी बाई आपल्या घरी एकटी पापड करत असती तर तिनं तिच्यापुरती युक्ती काढली असती आणि ती तिच्याच घरात राहिली असती. इथं अडचण सगळ्यांची होती, जागा एक होती आणि हिशेबही एक होता. म्हणून युक्ती सगळ्यांची झाली, पुढच्या वर्षी राहिली, नव्यानं येणाऱ्या बाईलाही मिळाली. गटानं शिकणं म्हणतात ते एवढंच असतं. एकीला सुचलेलं किंवा एकीला कळलेलं, ती नसतानाही गटाला वापरता आलं पाहिजे.

आपल्याकडं बहुतेक वेळा होतं उलट. गटातली एक जण तालुक्याला प्रशिक्षणाला जाते. ती वाचणारी असते, बोलायला धीट असते, घरून सोडतात अशी असते. आरसेटीचं प्रशिक्षण असो, कृषी विज्ञान केंद्राचं असो, ती जाते, जेवण चांगलं होतं म्हणून सांगते, प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीला लावते. पुढच्या वेळी बोलावणं आलं की पुन्हा तीच जाते, कारण तिला सवय झालेली असते. तीन वर्षांत तिच्याकडं पाच प्रमाणपत्रं होतात आणि बाकीच्या नऊ जणी जिथल्या तिथं. मग तिच्या मुलाला पुण्याला नोकरी लागते, ती त्याच्याकडं राहायला जाते. गटाचं लोणचं त्या वर्षी खारट होतं, हिशेबाची वही कुणाला लागत नाही, बँकेचा माणूस फोन करतो तर उत्तर द्यायला कुणी नाही. गट मोडतो. गावात बोललं जातं की बायकांचं एकमेकींशी पटलं नाही. भांडण कुठंच नव्हतं. गटाची सगळी विद्या एकीच्या डोक्यात होती आणि ते डोकं पुण्याला गेलं.

यात त्या बाईचा दोष नाही, हे आधीच सांगते. तिला कुणी विचारलंच नाही. आणि खरं तर तिलाही सांगता आलं नसतं, कारण हाताला जे कळतं ते तोंडानं सांगणं अवघड असतं. चिक्की करणाऱ्या बाईला विचारा, गुळाचा पाक झाला हे कसं ओळखता? ती म्हणेल, कळतं. मसाला भाजणारीला विचारा, धणे कधी उतरवायचे? वास आला की. आता कुठला वास? यालाच आपण अंदाज म्हणतो. अंदाज म्हणजे वीस वर्षांचं शिक्षण आहे, पण ते हातात, नाकात आणि कानात साठलेलं असतं.

हा अंदाज दुसरीला द्यायचा तर नुसतं शेजारी उभं करून उपयोग नाही. करणारीनं करता करता बोललं पाहिजे. सुरुवातीला तिला स्वतःला हसू येईल, पण बोलू द्या. “आता बघ, फेस मोठा होता तो बारीक झाला. आता रंग बदलायला लागला. आता ताटलीत पाणी घे, थेंब टाक. गोळी झाली, पण दाबली की चेपते, म्हणजे अजून थांबायचं. आता बघ, ताटलीवर आपटली तर टण्ण वाजली, मोडली तर काडकन मोडली. आता उतरव.” पुढचा घाणा शिकणारीनं करायचा आणि तिनंही असंच मोठ्यानं बोलत करायचा. जाणतीनं बाजूला बसायचं आणि हात मागं बांधायचे. हे सगळ्यात कठीण! आपल्याला वाटतं, तिला जमत नाही, आणा इकडं, मी करते. मी करते म्हटलं की शिकणं थांबलं. एखादा किलो गूळ वाया गेला तर जाऊ द्या. तो शिकवणीचा खर्च धरा.

तुम्ही म्हणाल, आमच्या गटातल्या निम्म्या जणींना लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय शिकणार आणि काय शिकवणार. तर जामखेडचं उदाहरण घ्या. आपल्याच महाराष्ट्रातलं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, दुष्काळी पट्ट्यातलं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोनं तिथं आरोग्याचं काम सुरू केलं. गावागावांत शिकलेल्या नर्स पाठवून बघितल्या, पण त्यांचं गावाशी सूत जमेना. मग ठरलं की गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची. निवडलेल्या बायकांमध्ये कितीतरी जणींनी शाळा पाहिली नव्हती. सगळ्या जातींच्या होत्या, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांनी गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, पोरांचं वजन हे सगळं शिकून गावात केलं. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या शिकल्या कशा, हे आपल्या कामाचं आहे. एकदाच पंधरा दिवस बसवून, वही भरवून, प्रमाणपत्र हातात देऊन त्यांना सोडून दिलं नाही. त्या दर आठवड्याला केंद्रावर एकत्र यायच्या, मुक्काम करायच्या. आपापल्या गावात या आठवड्यात काय झालं, कुठलं मूल आजारी होतं, काय दिलं, गुण आला की नाही, हे एकमेकींना सांगायच्या. एकीला अडलं तर दुसरी सांगायची, दोघींना अडलं तर डॉक्टर. परत जाताना हातात नवीन काहीतरी असायचं, तेवढंच गावात करून बघायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. पाठ करायचं ते गाण्यातून, नाटुकलीतून. थोडं शिकायचं, लगेच वापरायचं, काय झालं ते येऊन सांगायचं. जात्यावरच्या ओव्या कुणी वहीत बघून पाठ केल्या होत्या? रोज पहाटे दळायचं होतं म्हणून त्या तोंडात बसल्या.

आपल्या उमेद अभियानातही हीच वाट आहे. एका गावच्या अनुभवी बाया वर्धिनी म्हणून दुसऱ्या गावात पंधरा दिवसांच्या फेरीला जातात, तिथं राहून गट बांधून देतात. साहेबानं सांगितलेलं आणि आपल्यासारख्याच लुगड्यातल्या बाईनं सांगितलेलं यात फरक पडतो. साहेब चुकीचं सांगतो असं नाही. पण बाई सांगते तेव्हा ऐकणारीला वाटतं, हिला जमलं तर मलाही जमेल.

आता थोडं अवघड बोलते. चुकांबद्दल.

अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या एक अभ्यासक आहेत. 1990 च्या सुमारास त्यांनी दवाखान्यातल्या नर्सच्या टोळ्यांचा अभ्यास केला. रोग्याला औषध देताना चुका किती होतात ते मोजलं. त्यांना वाटलं होतं की जिथं काम एकोप्यानं चालतं, प्रमुख नर्स चांगली आहे, तिथं चुका कमी सापडतील. आकडे निघाले उलटे! चांगल्या टोळ्यांच्या नावावर चुका जास्त. आधी त्या बुचकळ्यात पडल्या. मग नीट बघितल्यावर उलगडा झाला. चांगल्या टोळीत चुका जास्त होत नव्हत्या, तर झालेल्या चुका जास्त सांगितल्या जात होत्या. वाईट टोळीतल्या नर्स घाबरून झाकत होत्या. कागदावर तिथं सगळं छान दिसत होतं, आणि तोटा रोग्याचा होत होता.

मैत्रिणींनो, आपल्या गटात हे घडतं की नाही ते तुम्हीच सांगा. पिठात पापडखार जास्त पडला. जिच्या हातून पडला तिला त्याच क्षणी कळलं. पण समोर अध्यक्षताई उभ्या, मागच्या महिन्यात एकीला सगळ्यांसमोर बोललेल्या. मग ती गप्प बसते. पीठ कुटून होतं, लाट्या होतात, पापड लाटून होतात, वाळतात, पाकिटात भरतात, बाजारात जातात आणि गिऱ्हाईक तळून खातं तेव्हा तोंड वाकडं करतं. पापडखार पडला त्या क्षणी सांगितलं असतं तर आणखी थोडं पीठ आणि मसाला घालून प्रमाण सांभाळता आलं असतं. म्हणजे पिठाच्या परातीत जे निस्तरलं असतं, ते गिऱ्हाइकाच्या ताटात जाऊन पडलं. मधे होती ती फक्त भीती.

म्हणून माझं म्हणणं असं की चूक सांगणारीला त्या वेळी काहीही बोलायचं नाही, असा गटानं नियमच करावा. “बरं झालं सांगितलंस” एवढंच म्हणायचं आणि कामाला लागायचं. माफ करायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नव्हे. चूक घाण्यापुरती निस्तरायची आणि संध्याकाळी दहा मिनिटं बसून तिचं मूळ शोधायचं. हातचलाखी करणारी, पैसे खाणारी बाई वेगळी. तिच्यासाठी हा नियम नाही. पण हातून झालेली चूक आणि मनातला खोटेपणा यांना एकाच तराजूत घालू नका.

मूळ कसं शोधायचं? जपानच्या टोयोटा कंपनीत, होय, तीच गाड्या बनवणारी, एक साधी रीत आहे. काही बिघडलं की “का?” असं विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा “का?” विचारायचं, असं चार-पाच वेळा. लहान पोरं करतात तसं. आपल्या मसाल्यावर करून बघू.

समजा, दुकानदारानं कांदा-लसूण मसाल्याची वीस पाकिटं परत केली. आत गुठळ्या झाल्यात, दोनात बुरशी आहे. बैठकीत पहिलं वाक्य येतं, “पाकिटं भरली कुणी?” इथंच गाडी चुकते. “कुणी” विचारलं की एक बाई मान खाली घालते, बाकीच्या सुटतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वीस पाकिटं परत येतात. त्याऐवजी विचारा, गुठळ्या का झाल्या? आत ओल होती. ओल का होती? मसाला गरम असतानाच भरला. गरम भाताच्या डब्याला लगेच झाकण लावलं की झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तेच पाकिटात झालं. गरम का भरला? कांडपावरून मसाला चारला आला आणि टेंपो साडेपाचला येणार होता. इतकी घाई का? कारण ऑर्डर आदल्या दिवशी घेतली होती. आदल्या दिवशीची ऑर्डर का घेतली? कारण फोनवर ऑर्डर घेणारी बाई हिशेबाच्या टेबलावर बसते, ती कधी कांडपावर गेलेली नाही. मसाला परातीत पसरून पूर्ण गार व्हायला वेळ लागतो हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

बघा, आता दोष कुठं सापडला? पाकीट भरणारीच्या हातात नाही. तिला बोलून काहीच सुधारलं नसतं. आता उपाय दोन. फोनशेजारी भिंतीवर ठळक लिहून लावायचं की मसाल्याच्या ऑर्डरला किमान दोन दिवस. आणि फोन घेणाऱ्या बाईनं महिन्यातून एक दिवस कांडपावर बसायचं, शिंका आल्या तरी! लोणच्याला, चटणीला, शिवणाला, रोपवाटिकेला, सगळीकडं ही रीत चालते. एकच पथ्य पाळा. कुठल्याही “का”चं उत्तर कुणा बाईचं नाव असेल तर ते उत्तर अपुरं समजा आणि आणखी एकदा विचारा.

त्याच टोयोटाच्या घराण्याचे मूळ पुरुष, साकिची टोयोडा, मागाचे कारागीर होते. 1924 साली त्यांनी असा यंत्रमाग तयार केला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. आधी काय व्हायचं, धागा तुटलेला, माग चालूच, वारभर कापड खराब. पुढं गाड्यांच्या कारखान्यातही हीच शिस्त आली. कामगाराला काही वावगं दिसलं की त्यानं दोरी ओढायची, मग प्रमुख धावत येतो आणि गरज पडली तर सगळी रांग थांबते. आपल्या कांडपाच्या खोलीत दोरी नसली तरी तोंड आहे. “थांबवा” म्हणायचा हक्क कालच आलेल्या नव्या सुनेलाही हवा, आणि तिनं थांबवलं म्हणून कुणी तिच्यावर डाफरायचं नाही, जरी तिचा संशय चुकीचा निघाला तरी. विशेषतः जिथं पट्टा फिरतो तिथं. पदर, ओढणी, वेणी पट्ट्यात जायला क्षण लागत नाही. मशीनवर नवीन बाई बसवताना पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी शिकवा: पदर खोचायचा, वेणी बांधायची, बांगड्या मागं सारायच्या ही एक, आणि मशीन बंद कसं करायचं ही दुसरी. चालू करणं दुसऱ्या दिवशी.

नवी सून म्हटलं म्हणून आठवलं. आपल्या गटांत सासू आणि सून एकाच गटात असतात, जावा-जावा असतात. सासूसमोर सून बोलत नाही. सरपंचाच्या घरच्या बाईसमोर मजुरी करणारी बोलत नाही. वस्तीवरची बाई गावातल्या बायांमध्ये दाराशी बसते. हे सगळं आपण बरोबर घेऊनच खोलीत येतो, चपला बाहेर काढतो तसं ते बाहेर काढता येत नाही. आणि मग बैठकीत तिघी बोलतात, सातजणी माना डोलावतात. इतिवृत्तात लिहिलं जातं, “सर्वानुमते.”

त्यावर काही छोटे उपाय आहेत. गोल बसायचं, म्हणजे कुणी पुढं नाही, कुणी दाराशी नाही. अध्यक्षताईंची खुर्चीही नको, त्यांचे गुडघे दुखत असतील तर सगळ्यांनाच बाकडी घ्या. बोलण्याची फेरी करायची, प्रत्येकीनं एक वाक्य बोलायचंच, आणि फेरी सगळ्यात नव्या किंवा सगळ्यात धाकट्या बाईपासून सुरू करायची. थोरलीनं आधी मत दिलं की मग धाकटीजवळ उरतं फक्त “मलाही तसंच वाटतं.” ज्या गोष्टीवर तोंडानं बोलणं जड जातं तिथं बी टाका. तूर म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. मूठ झाकून मडक्यात टाकायचं. दर वाढवायचा का, नवीन मशीन घ्यायचं का, अशा वेळी मडक्यातून निघालेलं मत बैठकीतल्या मतापेक्षा वेगळं निघालं, तर समजायचं की आजवर बोललं जात नव्हतं. आणि हो, कुणाचा नवरा किंवा दीर “मी फक्त हिशेब बघायला बसतो” म्हणून खोलीत बसत असेल, तर त्यांना चहा द्या आणि बाहेर बाजेवर बसवा.

प्रशिक्षणाला पाठवायचं कसं, तेही सांगते. एकीला पाठवू नका, दोघींना पाठवा. एक लिहिणारी, एक हाताची. लिहिणारी वहीत उतरवून घेते, पण परत आल्यावर करून दाखवते ती हाताची. जागा एकच असेल तर पाळीनं जा, मागच्या वेळची या वेळी नाही. जाण्याआधी गटात बसून प्रश्न गोळा करा. आपलं लोणचं पावसाळ्यात फुगतं का, चकलीला तेल का सुटतं, असे आपल्या घरचे प्रश्न. प्रश्न घेऊन गेलेली बाई झोपत नाही, विचारते. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत तिनं गटाच्याच चुलीवर, गटाच्याच भांड्यात, गावच्याच मालातून ते करून दाखवायचं. आठ दिवस अशासाठी की पुढं विसरायला होतं. आणि गटाच्या चुलीवर अशासाठी की तिथं गॅस होता, वजनकाटा होता, पंखा होता. आपल्याकडं लाकडं आहेत आणि शेर-पायली आहे. तिथलं इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. ते आपल्या चुलीला बसवून घेणं हे खरं शिकणं आहे आणि ते सगळ्यांनी मिळून करायचं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती कृती मोबाइलवर बोलून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. दोन मिनिटांचं बोलणं पुरतं. पोरं सकाळी सुप्रभातची फुलं पाठवतात, त्यात हे एक कामाचं जाईल.

कामाची अदलाबदल करा असं सगळे सांगतात. मीही सांगते, पण बेतानं. दर महिन्याला सगळ्यांची सगळी कामं बदलली तर मालाची चव दर महिन्याला बदलेल आणि गिऱ्हाईक जाईल. प्रत्येक कामाला निदान दोन जणी तयार असल्या की पुरे. भाजणारीच्या हाताखाली एक, हिशेब लिहिणारीच्या शेजारी एक, बँकेत जाणारीबरोबर एक. भिंतीवर एक कागद लावा. वर कामांची चित्रं काढा: कढई, तराजू, मशीन, वही, फोन. बाजूला प्रत्येकीचं नाव किंवा खूण. जिला जे येतं तिथं टिकली चिकटवा, साधी कपाळाची टिकली. ज्या चित्राखाली एकच टिकली दिसेल तिथं गटाला धोका आहे. बहुतेक गटांत ती हिशेबाच्या वहीखाली एकटी असते.

घाण्याची एक वही ठेवा. तारीख, माल किती, हवा कशी होती, घाणा कसा उतरला. चार रकाने पुरेत. दोन पावसाळे गेले की ती वही तुम्हाला कुठल्याही साहेबापेक्षा जास्त सांगेल.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: पैसे. बऱ्याच गटांत किलोवर मजुरी असते. जितके किलो लाटले तितके पैसे. ही पद्धत सरळ आहे, लिज्जतच्या बहिणींनाही लाटलेल्या पापडाच्या वजनावरच मजुरी मिळते. पण त्यात एक अडचण आहे. जाणती बाई नवीन बाईला शिकवायला बसली की तिचे स्वतःचे किलो कमी होतात. म्हणजे शिकवलं म्हणून तिचा खिसा कापला गेला. शिवाय मनात एक धास्ती असते. आज मी हिला मसाल्याचं प्रमाण सांगितलं, उद्या हिनं माझी जागा घेतली तर? आपण त्या बाईला आपमतलबी म्हणतो. पण तिच्या घरात तेच प्रमाण, तोच हात ही एकच कमाई आहे. ती फुकट का देईल? गोड बोलून, “आपण सगळ्या बहिणी” म्हणून ती देणार नाही आणि तिनं का द्यावी!

तेव्हा शिकवण्याला मजुरी धरा. ज्या दिवशी एखादी शिकवायला बसेल त्या दिवशी तिला तिच्या रोजच्या सरासरी किलोची मजुरी गटाच्या खात्यातून द्या. शिकणारीला त्या दिवसांत निम्मी का होईना पण मजुरी द्या, नाहीतर जिला रोजचं आणून रोज खायचंय ती शिकायला येणारच नाही आणि शिकतील फक्त ज्यांचं घर भरलेलं आहे त्या. शिकलेली बाई एकटीनं चांगला घाणा उतरवू लागली की शिकवणारीला ठरलेली रक्कम बक्षीस द्या, आणि तिची जागा जाणार नाही, ती त्या कामाची प्रमुख राहील, हेही ठरवा. किती द्यायचं ते गटाच्या नफ्यावर अवलंबून आहे. शंभर रुपये असतील तरी चालतील, पण ते हातावर ठेवलेले असावेत. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, फेरी धाकटीपासून सुरू करा, आणि जे ठरेल ते ठराव म्हणून इतिवृत्तात तारखेसह लिहून सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्या.